पोवळ्यांना चुना पाजणारे गफूरचाचा

गफूरचाचा पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग सांगायचे, "आज जरा कमी खट्टं हाय." त्याच कामासाठी डॉक्टरांनी आकडे दाखवणारं एक मशीन आणलं होतं. चाचा मशीनकडे पाहायचे नाहीत असं नाही. पाहायचे, पण जिभेचं सांगून झाल्यावर. मशीन बरोबर निघालं तर मान हलवायचे, जशी काही त्याचीच परीक्षा होती.

अकोल्यात मी ज्या डॉक्टरांकडे स्वयंपाक आणि वरकाम करत होते, त्यांच्या बैठकीत समुद्राचा टँक होता. साध्या मासोळ्यांचा नाही. खाऱ्या पाण्याचा, आणि आत जिवंत पोवळी. मी तोवर पोवळं पाहिलं होतं ते फक्त अंगठीत. ते वाढतं, दिवसा फुलतं, हात लागला तर मिटतं, हे मला त्या घरात कळलं. डॉक्टर कधीतरी समुद्रात बुडी मारून आले होते आणि खाली पाहिलेलं त्यांना घरात हवं होतं. उन्हाळ्यात जिथं चपलेला डांबर चिकटतं, त्या गावात.

टँक बसवायला मुंबईचा एक माणूस आला होता. दोन दिवस राहिला. जायच्या दिवशी त्यानं शेवटचं यंत्र जोडायला घेतलं. हातभर उंचीची काचेसारखी नळी, तिच्यात पांढरे खडे ठासून भरलेले, खाली पाणी फिरवणारी छोटी मोटर. वरून गॅस आत यायचा आणि एका बारीक नळीतून पाणी थेंब थेंब परत टँकमध्ये पडायचं. डॉक्टर त्याला कॅल्शियम रिअॅक्टर म्हणत. गॅसचं सिलेंडर आणायला त्यांनी गावातल्या एका सोडावाल्याला सांगितलं होतं. ते सोडावाले म्हणजे गफूरचाचा. सिलेंडर ठेवून ते दारातच उभे राहिले.

मुंबईच्या माणसाला गाडी गाठायची होती. त्यानं सिलेंडरची चावी फिरवली तसे बुडबुडे मोजायच्या मधल्या बाटलीतून बुडबुडे उसळायला लागले.

चाचा म्हणाले, "काहून भाऊ, मासोयायले सोडा पाजता काय?"

"काका, तुमचं काम झालं ना? निघा आता."

"निघतो. पण एवढ्या गॅसात माही बाटली फुटते. मासोयी तर बाटलीहून नाजूक."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच लावा की."

चाचांनी दारात चपला काढल्या, सदऱ्याला हात पुसले आणि चावीपुढे मांडी घातली. किती बुडबुडे पाहिजेत ते विचारलं. मिनिटाला वीस-पंचवीस, असं मुंबईचा म्हणाला. चाचांनी चावी इतकी हळू फिरवली की ती फिरते आहे हे मला दिसलंच नाही. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजलं. बरोबर चोवीस. मुंबईचा माणूस बॅग उचलायला लागला, तर चाचा जागचे हलेनात.

"आता कसली वाट पाहता?"

"गॅस पह्यले खोटं बोलते. तासाभरानं खरं बोलते."

तासाभरानं मोजले तर पन्नास. चाचांनी पुन्हा कमी केले, पुन्हा तासभर बसले. मुंबईच्या माणसाची गाडी गेली. जाताना तो डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाला, "यांनाच ठेवून घ्या." अशा रीतीनं चाचा त्या घरात आले.

अकोल्याच्या जुन्या गावात त्यांचा गोटी सोड्याचा कारखाना होता, आजोबांच्या वेळचा. मी तो पाहिला नाही. मी पाहायच्या आधीच पानठेल्यांवर प्लास्टिकच्या बाटल्या आल्या होत्या आणि चाचांच्या काचेच्या बाटल्या भंगारात गेल्या होत्या. "लोकायले आता आवाज नको," ते म्हणत, "नुसती गोडी पायजे." डाव्या भुवईत त्यांना एक खाच होती, बाटली फुटल्याची. कोणी विचारलं तर "सोड्यानं केलेली सही" म्हणायचे. सदऱ्याच्या वरच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन असायची. ती कधी बदलून बटण आलं नाही.

स्वतःचा स्टीलचा गिलास ते पिशवीत घेऊन यायचे. पहिल्या दिवशी मी चहा कपात ओतायला लागले, तर म्हणाले, "यात दे बेटी. माह्या तोंडाले याचीच सवय हाय." खिडकीत वेगळा ठेवलेला एक कप होता. तो त्यांनी येता येता पाहिला असणार. त्यांनी गिलास आणल्यामुळे तो कप मला कधी खाली काढावा लागला नाही, आणि घरच्या बाईंनाही काही म्हणावं लागलं नाही.

मी कोणासमोर बोलत नसे. बाई काही विचारायच्या तर मी मान हलवायची. चाचांसमोर मात्र दोन शब्द निघायचे, कारण ते उत्तराची वाट न पाहता बोलत राहायचे. एकदा मी विचारलं, हे यंत्र करतं तरी काय? तर मोठ्या खुशीनं म्हणाले, "देख. गॅस पाण्यात गेला का पाणी होते खट्टं. खट्टं पाणी गोट्याले चाटते. गोटा विरघयते, त्याचा चुना पाण्यात उतरते. अन् त्या चुन्यावर हे पोवळे आपलं हाड बांधतात. लोक लोकायले चुना लावतात, मी पोवळ्यायले पाजून राहिलो."

मला हसू आलं. मी पदर तोंडाशी धरला.

"हास, हास. यायच्यापायी मले सकायी उठावं वाटते. कारखाना बंद झाल्यावर दोन साल मी आंग धुवाले पण उठत नव्हतो. घरचे म्हणत, बुढा गेला कामातून. आता मी म्हणतो, हटा, माहे पोवळे वाट पाहतात."

डॉक्टरांना त्यांनी एकदा माझ्यासमोर शब्द दिला होता. "साहेब, चावी माह्या हातात हाय तोवर एकही मरणार नाही." डॉक्टर म्हणाले, "असा शब्द देऊ नका चाचा, मी डॉक्टर असून देत नाही." चाचा म्हणाले, "तुमाले माणसं सांभाळायचे. मले नुसता गॅस सांभाळायचा."

ती भारनियमनाची वर्षं होती. दुपारी बाराला लाइट जायची ती चार-पाचला यायची, खेड्यांत तर कधी यायची ते कोणीच सांगत नसे. पेपरात रोज शेतकऱ्यानं जीव दिलेल्या आमच्याकडच्या गावांची नावं असायची, आणि बाई पेपर उलटा करून ठेवायच्या. लाइट गेली की रिअॅक्टरची मोटर बंद व्हायची, पण गॅस आपला चालू राहायचा. थांबलेल्या पाण्यात गॅस साचला तर सगळंच आंबट होऊन बसेल, म्हणून डॉक्टरांनी आपोआप बंद होणारी एक चावी बसवली होती. आमच्याकडच्या करंटनं ती दुसऱ्याच आठवड्यात जळली. मग चाचाच यायला लागले. बाराला लाइट जाणार, तर साडेअकराला त्यांची सायकल फाटकाशी. गॅस हातानं बंद करायचे, बर्फाच्या बाटल्या टँकमध्ये सोडायचे आणि चटईवर बसून राहायचे. लाइट आली की गॅस पुन्हा सुरू, आणि पुन्हा तासभर, गॅस खरं बोलेपर्यंत. अख्खी दुपार जायची. मी समोर तांदूळ निवडत बसायची. ईदच्या दिवशीसुद्धा ते नवा सदरा घालून साडेअकराला आले. सेफ्टी पिन तीच होती.

त्यांच्या जिभेवर डॉक्टरांचा विश्वास बसला तो एका सकाळी. मशीन म्हणत होतं सगळं ठीक आहे. चाचा म्हणाले, "साहेब, ठीक नाही. पाणी जास्त खट्टं हाय." डॉक्टरांनी मशीनची काडी पुसली, पुन्हा बुडवली. आकडा तोच. चाचा चावीजवळून उठले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी दवाखान्यातून कसलंसं पाणी आणून मशीन तपासलं, तर मशीनच चुकत होतं. डॉक्टर म्हणाले, "तुमची जीभ विकत मिळेल का चाचा?" चाचा इतके लाजले की गिलासातला चहा न संपवताच गेले. दुसऱ्या दिवशी मात्र येता येताच मला म्हणाले, "आयकलं होतं ना बेटी, साहेब काय म्हणाले ते?"

पुढे होळीच्या सुमाराला नळीतले खडे संपत आले. विरघळणारच होते ते. ते मुंबईहूनच यायचे. पण त्या माणसाचा फोन लागेना. दुसऱ्या दुकानदारानं महिना लागेल म्हणून सांगितलं आणि महिन्यानंतर पुन्हा महिना सांगितला. नळीच्या तळाशी नुसता चिखल उरला. पोवळ्यांचं वाढणं थांबलं. कडेचा जांभळा रंग फिका पडत चालला. चाचा काचेला नाक लावून बसायचे आणि म्हणायचे, "उपाशी हायेत." दोन दिवस त्यांचं हेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते भातकुलीकडून, बहिणीच्या गावाहून, पाठीवर पोतं घेऊन.

पोतं त्यांनी मागच्या अंगणात उघडलं. आत चुनखडीचे गोटे होते. आमच्याकडच्या काळ्या मातीत नांगरताना हे वर येतात. आम्ही बाया ते वेचून शेताच्या कडेला धुऱ्यावर टाकतो. मी लहानपणापासून वेचले होते.

चाचांचा चेहरा उजळला होता. "माहे आजोबा सोड्याच्या आधी याचीच भट्टी लावत होते. आर्धी अकोट फैल या चुन्यानं बांधली. मुंबईचा गोटा चुना, अन् आपला गोटा काय चुना नाही?" त्यांनी एका गोट्यावर लिंबू पिळलं. फेस आला. डॉक्टरांना बोलावून पुन्हा पिळून दाखवलं. डॉक्टर विचार करत राहिले. मग म्हणाले, "स्वच्छ धुवा मात्र."

"सात पाण्यानं."

खरंच सात पाण्यांनी धुतले. मीच नळ सोडत होते. गोटे ओले झाले तसा एक वास आला. सरकी पेरल्यापासून बोंड फुटेपर्यंत शेतातून येतो तो, फवारणीचा. मी पऱ्हाटीच्या फवारणीला पाणी वाहिलं आहे. तो वास केसांत राहतो, भाकरीला लागतो. पाचव्या पाण्यालाही तो होता. सातव्या पाण्याला होता की माझ्या नाकातच राहिला होता, ते मला कळेना. बाई ओट्यावर उभ्या होत्या, डॉक्टर खुर्चीवर. चाचा एकेक गोटा नारळाच्या काथ्यानं घासत होते आणि मला म्हणत होते, "आता पाहजो बेटी, कसे फुलतात." मी नळ बंद केला.

गोटे तीन दिवस उन्हात वाळले आणि नळीत गेले. चाचांनी चावी लावली, तासभर बसले, जीभ लावली. "बस. आसंच पायजे." डॉक्टरांनी त्यांच्या बाटल्यांतली औषधं टाकून पाणी तपासलं. चुना वाढला होता. दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. आठ-नऊ दिवसांत पोवळ्यांच्या कडा परत रंगल्या. डॉक्टरांनी कोणाला तरी फोनवर सांगितलं, "आमच्या चाचांनी भातकुलीच्या मातीवर समुद्र पोसलाय." चाचा चटईवर होते. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

मग झिंगे मेले. टँकमध्ये पारदर्शक लाल मिशांचे दोन छोटे झिंगे होते. एक सकाळी उताणा दिसला, दुसरा दुपारी. डॉक्टर म्हणाले, कात टाकली असेल. चाचांनी चिमट्यानं काढून तळहातावर घेतला. कात नव्हती, अख्खा झिंगा होता.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला आठवतात ते चाचांच्या पाठीचे. ते सतत टँककडे तोंड करून असायचे. पोवळी फुलेनाशी झाली. मग त्यांचं मांस बुडापासून सुटायला लागलं, आणि जिथून सुटलं तिथं हाड पांढरं दिसायला लागलं. डॉक्टरांनी अर्धं पाणी बदललं. पाणी गाळणारा कोळसा घातला. पुन्हा पाणी बदललं. गोटे नळीतून काढून फेकले. बाईंनी देवाला दिवासुद्धा लावला. काही केल्या थांबेना. चाचा गॅस कमी करायचे, वाढवायचे, बंद करायचे. चव घ्यायचे आणि म्हणायचे, "पाणी तर बरोबर हाय. पाणी बरोबर हाय ना, बेटी?" जणू मला कळणार होतं.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. लाइट गेलेली. चाचा चटईवर होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं,

"तू शेतातली. गोटे धुताना तुले काही वास आल्ता काय?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. मी सुपातले तांदूळ एका कडेला सारले. मग म्हणाले, "आल्ता."

मला वाटलं ते चिडतील. का सांगितलं नाहीस म्हणतील. म्हणायला पाहिजे होतं.

ते म्हणाले, "मलेही आल्ता. पण तिकडं सगळीकडंच तो वास हाय. घरात हाय, विहिरीवर हाय, बहिणीच्या लुगड्याले हाय. मले वाटलं, मातीचा वासच आसा असते."

लाइट आली तेव्हा ते उठले, गॅस सुरू करायला चावीपर्यंत गेले आणि हात न लावताच परत आले.

वैशाख संपेपर्यंत एकही पोवळं उरलं नाही, मासेही दिसेनासे झाले. डॉक्टर त्यांना एक शब्द वाकडा बोलले नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या चाचा, तुम्ही मन लावून केलंत." त्यापेक्षा रागावले असते तर चाचांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. ते दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, मी जबान दिली होती." डॉक्टर म्हणाले, "अहो, मासोळ्यांचंच तर होतं." चाचांनी मान हलवली.

टँक रिकामा करायला मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला येऊ दिलं नाही. बाई म्हणाल्या, नळी लावून पाणी मागच्या बागेत सोडा. चाचा पहिल्यांदाच त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले. "नाही बाई! खारं पाणी हाय. एकदा जमिनीत गेलं का दहा साल काही उगवत नाही. आमच्या बहिणीकडं विहिरीच खाऱ्या हायेत, मले इचारा." मग त्यांनी बादल्या भरायला घेतल्या. एकेक बादली उचलून बागेच्या कडेनं, फाटकातून, रस्त्यापलीकडच्या मोठ्या नालीत. जाईच्या वेलाजवळून जाताना बादली दुसऱ्या हातात घ्यायचे. ते साठीच्या पुढचे होते. ऊन डोक्यावर होतं. मी दुसरी बादली उचलली तर नको म्हणाले नाहीत. आम्ही दोघं किती खेपा गेलो ते मोजलं नाही.

तळाला पाणी आलं तेव्हा कळलं की दगडाच्या बुडी एक मासा अजून जिवंत आहे. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्याचा, बोटाएवढा. तो मेलेल्या पोवळ्यातच शिरून बसला होता. डॉक्टर दवाखान्यात होते. फोन केला तर म्हणाले, "काय करायचं ते करा आता."

चाचांनी शेवटच्या बादलीत टँकचंच पाणी घेतलं आणि मासा त्यात सोडला. बादली हातात घेऊन ते फाटकापर्यंत गेले. नालीकडे पाहिलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ट्रॅक्टर गेला, फटफटी गेली. आमच्याकडून समुद्र अख्ख्या रात्रीच्या गाडीच्या वाटेवर आहे.

मी विचारलं, "कुठं नेता चाचा?"

"पाह्यतो," ते म्हणाले.

सायकलच्या हँडलला बादली हिंदकळली असती म्हणून त्यांनी सायकल तिथंच ठेवली. भिंतींच्या कडेनं, जिथं वीतभर सावली होती तिथून, ते बादली सांभाळत चालत गेले. मध्येच थांबायचे, बादली खाली ठेवायचे, आत हात घालून पाणी ढवळायचे, म्हणजे त्याला हवा मिळावी. मग उचलायचे. वळणापर्यंत असं तीनदा केलेलं मी पाहिलं.